वाट पाहणाऱ्यांचा देव

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलीच्या लग्नाची बोलणी तीनदा अगदी जवळ येऊन फिसकटली. त्या लिहितात, ‘देवावर विश्वास आहे, पण आता वाट पाहवत नाही. विश्वास असताना एवढी तगमग का होते?’ पत्र वाचले आणि मला २०२० सालचा जून आठवला.

करोनाचे दिवस. ह्यांच्या मानेवर गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून तर जास्त भीती. महिन्याच्या मध्यावर ती काढून तपासायला पाठवली. ‘आठवडा लागेल,’ डॉक्टर म्हणाले. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप घेतात, ते रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, हे सारे त्यांनी नीट समजावले. मला समजलेही. पण रात्री तीनला जाग आली की त्या समजण्याचा काडीचा उपयोग होत नसे.

मी नवस बोलायचा सपाटाच लावला. देवीला साडी, गणपतीला एकवीस नारळ, शिवाय शनिवारचे उपास. सासूबाई तेव्हा आमच्याकडे पुण्याला होत्या. त्या माळकरी. वीस वर्षे आळंदीहून पायी वारी केलेली. त्या वर्षी पायी वारी नव्हतीच. प्रस्थान झाले, पण माउलींच्या पादुका आळंदीतच राहिल्या. ‘विठोबालाही काही बोलून ठेवू का?’ मी विचारले. ‘त्याला नवस चालत नाही,’ एवढेच म्हणून त्या भाजी निवडत राहिल्या.

मला रागच आला. पोटचा मुलगा अंथरुणावर आणि ह्यांना काहीच वाटत नाही! पण त्यांचे म्हणणे खरे होते. वारकरी पंथात नवसाला जागा नाही. पुंडलिकाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तो आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला, आणि ह्याने वीट भिरकावून सांगितले, जरा हिच्यावर उभा राहा, हातातले काम आटोपून येतो. ह्या गोष्टीत वाट भक्त पाहत नाही, देव पाहतो, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आले नव्हते. आणि देव तिथून ‘अजून किती वेळ?’ असे विचारतही नाही. मी तर प्रयोगशाळेला दिवसातून दोन फोन करत होते.

सासूबाईंनी पालखीच्या मुक्कामांप्रमाणे गच्चीवर चालायला सुरुवात केली. आज सासवड, आज जेजुरी, आज वाल्हे. दिवेघाटाच्या दिवशी तोंडाला मास्क लावून, गुडघा धरत, इमारतीचे चार जिने चढल्या-उतरल्या. शेजारी हसले. मग खाली येऊन हातपाय धुवून मुलासाठी मऊ भात टाकला.

एका रात्री पाणी प्यायला उठले, तर त्या स्वयंपाकघरात अंधारात बसलेल्या.

‘झोप नाही आली?’

‘नाही गं. भीती वाटते.’

मी बघतच राहिले. ‘तुम्हाला?’

‘मग, आई नाही का मी? उठलीच आहेस तर चहा टाक.’

ताई, तुमच्या प्रश्नाचे माझ्याकडे एवढेच उत्तर आहे. त्या माउलीची तगमग माझ्याहून तसूभरही कमी नव्हती. तरी पहाटे उठून त्या ‘लोणंद’ला निघाल्या. सगळे मनासारखे होईल असे मी तुम्हाला लिहिणार नाही. ते लिहिणारी मी कोण? पण मुलीला सोळा सोमवारांना जुंपू नका. तिची नोकरी, तिचे शिक्षण, तिच्या मैत्रिणी, काही थांबवू नका.

रिपोर्टचा आठवडा संपला, तर ‘आणखी एक तपासणी करावी लागेल’ असा निरोप आला. ३० जूनला, दशमीला, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. सासूबाईंनी दूरदर्शन संचाला हात जोडले. एकादशीनंतर तिसऱ्या दिवशी कळले, गाठ क्षयाची आहे. कर्करोग नाही. मी रडले. मग सहा महिने रोज गोळ्या, दर महिन्याला वजन, रक्ताची तपासणी. म्हणजे पुन्हा वाट पाहणेच. देवीची साडी नेऊन दिली, बोलले होते म्हणून. तीही लगेच नाही. देवळे उघडली १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी.

२०२२ साली पायी वारी पुन्हा सुरू झाली. सासूबाईंचा गुडघा तोवर पार गेला होता. वाखरीपासून शेवटचा टप्पा मी त्यांच्याबरोबर हळूहळू चालले. दर्शनाची रांग पाहूनच माझी छाती दडपली. त्यांनी नामदेव पायरीपाशी डोके टेकवले, कळसाकडे पाहून हात जोडले आणि चपला पायात सरकवत मला विचारले, ‘परतीची गाडी किती वाजता आहे गं?’