मॉडेल 'स्टिफ' का होते?

"लाइट छान होता, लेन्स उत्तम होती, पण मॉडेल स्टिफ होती." हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात व्यक्तिचित्र फसलं की ही सबब ठरलेली. मी एम. एस. डब्ल्यू. झालेली, वस्तीत काम करणारी कार्यकर्ती. छंद म्हणून दहा वर्षं कॅमेराही हाताळते. त्या अनुभवावरून सांगते, मॉडेल स्टिफ नसते, ती सावध असते. आणि तिने सावध राहावं अशीच परिस्थिती तुम्ही तिच्याभोवती उभी करता.

मैत्रिणींनो, 'मॉडेल शूट' म्हणजे काय ते एकदा जाऊन पाहा. रविवारची सकाळ, एखादा जुना वाडा नाहीतर नदीचा घाट. फी भरलेले पंधरा-सोळा पुरुष आणि मधोमध एक मुलगी. "इकडे बघ", "पदर जरा खाली", "अगं, हस की!" असे चारी बाजूंनी हुकूम. कुणी न विचारता हनुवटी धरून मान वळवतो, कुणी केसांची बट सारखी करतो. अ‍ॅपर्चर किती, शटर किती, याची चोख नोंद होते. मुलीचं नाव निम्म्यांना ठाऊक नसतं. प्रदर्शनात तिच्या चेहऱ्याखाली नाव लागतं 'लावण्य' किंवा 'प्रतीक्षा'. कशाची प्रतीक्षा? शूट संपण्याची असावी.

तंत्राच्या नावाखाली हे खपवलं जातं, म्हणून तंत्राचंच बोलू. वाइड लेन्स घेऊन चेहऱ्याच्या दोन फुटांवर घुसलात तर नाक मोठं दिसणारच. सहा-सात फूट मागे सरा, ८५ मिलीमीटरची लेन्स लावा. चेहरा सुधारेल आणि तिलाही श्वास घ्यायला जागा मिळेल. खिडकीचा उजेड एका बाजूने घ्या, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट धरा. मान वळवायची तर स्वतःची वळवून दाखवा. आणि "मॉडेल काळी आली" हे वाक्य तर विसराच. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून चालतो. मागे पांढरी भिंत असेल तर सावळा चेहरा काळवंडतो. उजेड भिंतीचा नव्हे, चेहऱ्यावरचा मोजायला हवा. कोडॅकची रंग जुळवण्याची 'शर्ली' कार्डं कित्येक दशकं गोऱ्या बाईच्याच चेहऱ्याची होती. तंत्राला पक्ष नसतो म्हणणाऱ्यांनी ती जरूर आठवावीत.

हे सगळं साधलं तरी डोळे उरतातच. व्यक्तिचित्राचा आदर्श म्हणून प्रत्येक कार्यशाळेत 'अफगाण मुलगी' दाखवतात. स्टीव्ह मॅकरीने १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत ते छायाचित्र काढलं, जून १९८५ मध्ये ते नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलं. सारं जग त्या डोळ्यांनी भारावलं. मात्र ती शरबत गुला आहे, हे जगाला कळलं २००२ साली! परक्या पुरुषाने आपलं छायाचित्र काढलं याचा तिला राग आला होता, हेही तेव्हाच कळलं. ज्याला आपण गूढ म्हणत होतो तो एका मुलीचा संताप होता.

गेल्या वर्षी आमच्या केंद्रात एकोणीस वर्षांची एक मुलगी आली. अशाच एका शूटमधला तिचा फोटो एका विवाहमंडळाच्या जाहिरातीवर झळकला होता. तिला विचारलंही नव्हतं. ठरत आलेलं लग्न मोडलं, घरच्यांनी कॉलेज बंद केलं. (लग्न मोडल्याचं तिला फारसं दुःख नव्हतं, कॉलेजचं होतं.) फोटो काढणाऱ्याचं उत्तर एकच, "पैसे दिले होते." १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राचा पहिला मालक सहसा ते काढणारा असतो, पैसे मोजून फोटो काढून घेणाऱ्याला, वेगळा करार नसल्यास, ती मालकी मिळते. मॉडेल पैसे घेते, मोजत नाही. म्हणजे आपल्याच चेहऱ्याच्या चित्राच्या मालकीत ती कुठेच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ खासगी क्षणांच्या चित्रणासाठी आहे. घाटावर साडी नेसून बसलेल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

म्हणून आमची मागणी साधी आहे. शूटच्या आधी मराठीत एक पानी करार. फोटो कुठे लागतील, किती काळ, जाहिरातीला चालतील की नाही, आणि नकोसे फोटो तिने तिथल्या तिथे पुसायला लावायचे. एका वेळी तिच्यासमोर दोघांहून जास्त कॅमेरे नकोत. सोबत तिची मैत्रीण. आणि पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा बॅगेत ठेवून नुसत्या गप्पा. यातलं शेवटचं कलम तर तुमच्याच फोटोंच्या भल्याचं आहे!

असा मसुदा आम्ही शहरातल्या एका मंडळाला पाठवला. चिटणिसांचं उत्तर आलं: "एवढ्या अटी घातल्या तर मॉडेल मिळणार नाही." हे कुठल्या मॉडेलला विचारून लिहिलंत, असं आम्ही उलट टपाली विचारलं आहे.