असू दे, लागेल कधीतरी!

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री लाईट गेले होते. सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि पॅसेजमधल्या खोक्याला पाय अडखळून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, वॉकर, तीन महिने अंथरूण. घरात मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. पण खोकं माझं होतं. बचत गटाच्या प्रदर्शनातून उरलेल्या कापडी पिशव्या होत्या त्यात. "उद्या माळ्यावर टाकू" म्हणत दीड महिना ते तिथंच होतं.

तेव्हापासून पसारा म्हटलं की मला नुसती अव्यवस्था दिसत नाही. पाहुणे येणार असं कळलं की आपण हॉल कसा चकाचक करतो! पसारा सगळा आतल्या खोलीत ढकलतो. पण आतल्या खोलीत राहतं कोण? आपणच ना?

तुमचं एखादं कपाट उघडून बघा. श्रीखंडाचे रिकामे डबे, झाकण हरवलेल्या बरण्या, मुलांची चौथीची पुस्तकं, तीन घरं फिरून आपल्याकडे आलेली आहेराची साडी. (ती पुढे कुणाला द्यायची हेही ठरलेलं असतं!) शिवाय दर संक्रांतीला लुटलेलं वाण. गाळण्या, प्लॅस्टिकच्या वाट्या, साबणाच्या डब्या. टाकवत नाही. काटकसरीत वाढलेल्या आईच्या हाताखाली आपण तयार झालो. "असू दे, लागेल कधीतरी" हे वाक्य रक्तातच आहे. त्यात वाईट काही नाही. पण ते 'कधीतरी' उगवतच नाही, आणि उगवलंच तर नेमकी ती वस्तू सापडत नाही.

अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी नोकरी करणाऱ्या ३० जोडप्यांचा अभ्यास केला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नवरा-बायकोनं वेगवेगळं आपलं घर फिरून दाखवायचं आणि मनात येईल ते बोलायचं. त्यांची लाळ तपासून शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी संबंधित संप्रेरकही मोजलं. हे सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट कामं जास्त आली, त्यांचं ते नीट उतरत नव्हतं. दिवस कलला की मनही उदास होत होतं. नवऱ्यांमध्ये मात्र असं ठळक काही दिसलं नाही! घर तेच, पसारा तोच. पण त्याला तो 'वस्तू' म्हणून दिसतो आणि तिला 'राहिलेलं काम' म्हणून. आपल्याकडे याला अभ्यास कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. खरंय. पण डोकं का दुखतं हे सांगताना आपण उन्हाला दोष देतो, कपाटाला देत नाही.

घर आवरण्यावर पुस्तकं लिहून जगभर गाजलेल्या जपानच्या मारी कोंडोनंही तिसऱ्या मुलानंतर, २०२३ मध्ये, आपलं घर पूर्वीसारखं नीटनेटकं राहत नसल्याचं कबूल केलं. वाचून मला फार बरं वाटलं. तेव्हा दिवाळीची वाट बघत घरभर पदर खोचून उभं राहू नका. दुपारी एक खण, बस्स. आधी औषधांचा डबा घ्या आणि तारखा बघा. मग गच्ची. जुने डबे, टायर, फुटक्या कुंड्या यांत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो. त्याची अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळालं की त्यातून अळ्या निघतात. जुन्या साड्यांची गोधडी शिवून घ्या. बोहारणीची वाट बघू नका, ती आता क्वचितच येते. आमच्या मंडळानं यंदा वाण म्हणून पाव किलो गूळ दिला. आठ दिवसांत संपला!

आवरा, पण दुसऱ्याचं न विचारता टाकू नका. ही चूक मी केली. सासूबाई दवाखान्यात असताना अपराधी मनानं मी घर धुऊन काढलं आणि भंगारवाल्याला एक पोचे पडलेला अॅल्युमिनियमचा डबा दिला. सासरे तीस वर्षं त्यातून जेवण नेत होते. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "विचारायचं तरी होतंस गं."

त्यांची ट्रंक अजून कॉटखाली आहे, तिला मी हात लावत नाही. माझी खोकी मात्र गेली. त्यातल्या पिशव्या मंगळवारच्या बाजारात भाजीवाल्या मावशींना वाटून टाकल्या. पॅसेज रिकामा आहे. सासूबाई सकाळी वॉकर घेऊन तिथून एकट्या तुळशीपर्यंत जातात, आणि मी स्वयंपाकघरातून वॉकरचा आवाज ऐकत असते.