उचललं, पण ठेवणार कुठे?

सकाळी हमरापूर स्टेशनवर दिव्याकडे जाणाऱ्या मेमूची वाट बघत असलो की प्लॅटफॉर्मवर दोन-चार कुत्री हमखास पसरलेली असतात. कुणी बिस्किट टाकतं, कुणी लांबून वळसा घालून जातं. तिकडे हायवेला रात्री गुरं बसतात, बाइकवाल्याला ती अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. दोन्हीवर आपलं उत्तर एकच: "उचलून न्या ना कुठेतरी!" हे 'कुठेतरी' म्हणजे नेमकं कुठे?

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हा प्रश्न थेट आपल्या गेटपर्यंत आणला. शाळा-कॉलेजं, हॉस्पिटलं, क्रीडासंकुलं, एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशनं इथली भटकी कुत्री हलवा, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवा, परत त्याच जागी सोडू नका, असा तो आदेश. हायवेवरची गुरंही हटवायला सांगितलंय. म्हणजे आपलं कॅम्पस, आपलं स्टेशन आणि आपला हायवे, तिन्ही यादीत.

एरवीचा नियम वेगळा आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार कुत्रा पकडायचा, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ऑपरेशननंतर किमान चार दिवस सांभाळायचा आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. ओळख म्हणून कानाला खाच असते. असं केंद्र हॉस्पिटलच्या वॉर्डसारखं चालतं. एक बरा होऊन गेला की दुसऱ्याला खाट मिळते. पण परत सोडायचंच नाही म्हटलं, तर त्या वॉर्डचा वृद्धाश्रम होतो. एक कुत्रा आला की पुढची कित्येक वर्षं त्याचं जेवण, औषध, साफसफाई आलीच. एका पिंजऱ्यात जास्त कुत्री कोंबली तर भांडणं आणि रोगराई ठरलेली.

गुरांसाठी आपल्याकडे कोंडवाडा आहे. त्याचा कायदा १८७१ सालचा. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं, नोटीस लावायची, दवंडी पिटायची, आणखी सात दिवसांनी लिलाव. मालकाने दंड आणि चाऱ्याचे पैसे भरले की जनावर सुटतं. या सगळ्यात गृहीत काय, तर मालक येणार. भाकड गाय किंवा म्हातारा बैल सोडून देणारा मालक कशाला येईल?

हा वाद आजचा नाही. १८३२ मध्ये इंग्रजांनी मुंबईत भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, दंगल झाली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी पांजरापोळ उभारली. ती टिकली, कारण रोजच्या चाऱ्या-पाण्याचा खर्च कुणीतरी अंगावर घेतला.

कुत्र्याची भीती खरी आहे. रेबीज एकदा झाला की जवळजवळ कुणीच वाचत नाही, त्यामुळे चावलेल्या पोराच्या आईला 'प्राणिप्रेम' शिकवायला कुणी जाऊ नये. पण नुसतं उचलून नेल्याने ती भीती जात नाही. रिकाम्या जागेत लस न घेतलेली नवी कुत्री येतात.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. हमरापूरसारख्या एकट्या ग्रामपंचायतीला डॉक्टर, ऑपरेशनची खोली, गाडी हे सगळं झेपणार नाही. तालुक्यातल्या पंचायती आणि पेणची नगरपरिषद यांनी मिळून एक केंद्र चालवावं. आधी नसबंदी आणि लस, कायमचा निवारा फक्त ज्यांना परत सोडता येत नाही त्यांच्यासाठी. कोंडवाड्यात सावली आणि पाणी हवंच. आणि दर महिन्याला फलकावर लिहावं: आले किती, सुटले किती, मेले किती.

आपण काय करायचं? घरच्या कुत्रीची पिल्लं स्टेशनवर आणून सोडायची नाहीत. कॉलेजात या कामासाठी कुणाला नेमलंय, कुत्री नेणार कुठे, हे प्राचार्यांना विचारायचं. दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, तो करायचा. आणि अठरा पूर्ण झालेत ना, मग पुढच्या ग्रामसभेला जाऊन बसा. तिथे रस्ता-गटाराचे विषय संपले की हात वर करून विचारा, "आपल्या कोंडवाड्यात आज पाणी भरलंय का?"