घरची खतावणी : दोघांची बाबागाडी

गुळाच्या पाच गाड्यांचा सौदा फोनवर पाच मिनिटांत उरकणाऱ्या घरात बाबागाडीच्या खरेदीला दोन आठवडे लागावेत, यात नवल नाही. गुळाचा वजनकाटा पिढ्यान्पिढ्या ओळखीचा असतो. बाबागाडीचे माप मात्र कोणी घेतलेलेच नसते. पुण्याच्या मार्केट यार्डात गूळ-भुसाराची आडत असलेले आणि बिबवेवाडीत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. घरात सव्वादोन वर्षांची नात आणि पाच महिन्यांचा नातू. आजोबा आणि मुलगा सकाळी नऊला गाळ्यावर जातात ते दिवेलागणीनंतर परततात. आजींचे गुडघे दुखतात. राहता राहिली सूनबाई. बागेत, लसीकरणाला किंवा मंदिरात जायचे म्हटले की एक मूल कडेवर आणि दुसऱ्याचा हात हातात, अशी तिची कसरत सुरू होते. आठवड्यातून चार वेळा निघायचे ठरवून ती एकदाच निघते.

अशा घरात दुहेरी गाडी घेण्याचे ठरले की निवड करतात ती नेमकी गाडी न ढकलणारी मंडळी. आजोबा छायाचित्र पाहून पसंती देतात, मुलगा किंमत पाहतो, मुंबईची आत्या परदेशी बनावटीचा आग्रह धरते. जी ती रोज उघडणार, मिटणार आणि लिफ्टमध्ये घालणार, तिला अखेरीस रंग कोणता हवा एवढेच विचारले जाते.

घडीच्या हलक्या बाबागाडीचा जन्म याच्या उलट वाटेने झाला. ब्रिटनमधील ओवेन मॅक्लारेन हे निवृत्त विमान-अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या मिटणाऱ्या चाकांच्या आराखड्याशी त्यांचा संबंध होता. मुलीला अवजड बाबागाडी घेऊन प्रवास करताना किती त्रास होतो, हे या आजोबांनी पाहिले आणि १९६५ साली अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी त्यांनी तयार केली. तिचे वजन तीन किलोंहूनही कमी होते. अडचण कोणाची आहे हे त्यांनी आधी पाहिले आणि आराखडा मागाहून काढला.

बिबवेवाडीच्या घरातही आरंभ मोजपट्टीने व्हावा, आणि तो फ्लॅटच्या दारापासून नव्हे, लिफ्टपासून. फ्लॅटचे मुख्य दार बहुधा पुरेसे रुंद असते. सहा माणसांच्या, म्हणजे ४०८ किलो क्षमतेच्या लिफ्टचे दार मात्र साधारणपणे ७० सेंटिमीटर उघडते आणि आतली खोली सुमारे एक मीटर असते. आठ माणसांच्या, ५४४ किलोंच्या लिफ्टमध्ये हेच आकडे सुमारे ८० सेंटिमीटर आणि १ मीटर १० सेंटिमीटर होतात. जुन्या इमारतींत याहून कमीजास्त असू शकते, म्हणून प्रत्यक्ष मोजलेलेच बरे. मोजताना दार पूर्ण उघडल्यावर उरणारी मोकळी जागा मोजावी. चौकट मोजून उपयोग नाही.

आता गाड्यांकडे यावे. दुहेरी गाड्यांचे मुख्य प्रकार दोन. एका प्रकारात दोन्ही मुले शेजारी-शेजारी बसतात, दुसऱ्यात एकामागे एक. शेजारी-शेजारी बैठकीच्या बहुतेक गाड्या ७० ते ८० सेंटिमीटर रुंद असतात. सुटसुटीत म्हणून विकल्या जाणाऱ्या काही त्याहून थोड्या अरुंद मिळतात. सहा माणसांच्या लिफ्टच्या दारात यांपैकी बऱ्याच अडतात. मग दुकानदार मागे-पुढे बैठकीची गाडी दाखवतो. ती रुंदीला साठ-पासष्ट सेंटिमीटर असते, दारातून सहज आत जाते, आणि आजोबा खूश होतात. पण तिची लांबी बहुधा मीटरभराहून जास्त भरते. गाडी आत जाते आणि दार लागत नाही. पहिलीला दार अडवते, तर दुसरीला लिफ्टची खोली. दोन्ही मापे कागदावर लिहून नेल्याखेरीज दुकानाची पायरी चढू नये ती यासाठी. गाडीची रुंदी लिहिताना चाकांच्या बाहेरच्या कडेपासूनचे माप घ्यावे, कारण बैठकीची रुंदी वेगळी आणि चाकांची वेगळी असते.

मोटारीची डिकीही त्याच कागदावर यावी. ज्या मोटारीत सीएनजीची टाकी बसवलेली आहे, तिच्यात घडी घातलेली दुहेरी गाडी मावण्याची शक्यता मुळातच थोडी. मग ती मागच्या आसनावर ठेवावी लागते आणि मुलांनी बसायचे कोठे, हा नवाच प्रश्न उभा राहतो.

ढकलण्याचा अनुभवही दोन्ही प्रकारांत निराळा. शेजारी-शेजारी गाडीत एक मूल तेरा किलोंचे आणि दुसरे सात किलोंचे असेल तर जड बाजूकडे गाडी किंचित ओढ घेते; मात्र दोघांना समोरचे सारखे दिसते आणि आईला दोन्ही चेहरे एका नजरेत न्याहाळता येतात. मागे-पुढे गाडीत थोरलीला पुढे बसवले तर पदपथाच्या कडेवर चढताना पुढची चाके उचलणे कठीण जाते. मागे बसवले तर पाय पसरायला जागा उरत नाही आणि ती पुढच्या भावाच्या टपावर लाथा मारू लागते. वजन कोणत्या बैठकीवर किती चालेल, हे गाडीच्या पट्टीवर छापलेले असते. ते तेथेच वाचावे. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर मात्र कोणतीही गाडी लोण्यासारखी चालते. आपल्याकडे उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत, गटारांची झाकणे आहेत, अध्येमध्ये पदपथच नाहीसा होतो. इवलीशी चाके तेथे रुततात. मोकळी गाडी दहा-बारा किलोंची धरली, तर दोन मुले आणि पिशवी मिळून तीस किलोंच्या पुढे भार जातो, आणि तो ढकलणारी व्यक्ती एकच असते.

किमतीचा हिशोब करताना व्यापारी घरातही एक चूक हमखास होते. गाडी किती वर्षे वापरली जाईल, याचा अंदाज धाकट्याच्या वयावरून बांधला जातो. पाच महिन्यांचा नातू अजून तीन वर्षे गाडीत बसेल, म्हणून तीन वर्षांचा वापर धरतात. वास्तविक दुहेरी गाडीचे आयुष्य थोरल्या मुलाच्या वयाने ठरते. सव्वादोन वर्षांची नात साडेतीन वर्षांची होईपर्यंत दमेल, बसेल. पुढे ती स्वतःच उतरून पळेल आणि दुसरी बैठक भाजीची पिशवी ठेवण्यापुरती उरेल. म्हणजे वापराचे महिने पंधरा. त्यातून पावसाचे चार वजा केले की राहिले अकरा. आठवड्यातून चार फेऱ्या धरल्या तर सुमारे १९० फेऱ्या होतात. समजा, गाडी २४,००० रुपयांना घेतली आणि ९,००० रुपयांना विकली, तर घसारा १५,००० रुपयांचा आणि एका फेरीस खर्च सुमारे ७९ रुपये. फेऱ्या चाराऐवजी दोनच झाल्या तर हाच आकडा दुप्पट होतो. गाडी महाग की स्वस्त, याचा निकाल अशा रीतीने लिफ्टच्या दारापाशी लागतो. कारण जी गाडी जिन्यावरून उचलून न्यावी लागते, तिच्या फेऱ्या आठवड्याला दोनसुद्धा होत नाहीत.

थोरले मूल तीन वर्षांचे होत आले असेल तर दुहेरी गाडीचा विचारच सोडावा. एकेरी गाडीच्या मागे थोरल्याला उभे राहण्यासाठी चाकांची फळी जोडता येते. किंवा धाकट्याला अंगावर बांधण्याच्या पट्ट्यांच्या झोळीत घ्यावे आणि थोरल्याला एकेरी गाडीत बसवावे. दोन एकेरी गाड्या कड्यांनी एकमेकींना जोडण्याची सोयही काही बनावटींत असते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही योजना आकर्षक आहे, कारण पुढे एक गाडी विकून दुसरी ठेवता येते. जोडल्यावर रुंदी किती होते, हे मात्र आधी मोजावे. पालिताण्याला गाडी नेण्याचा बेत कोणी करत असेल, तर ती तळेटीलाच राहील. तीन हजारांहून अधिक पायऱ्यांवर झोळीच कामी येते.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र हिशोब बाजूला ठेवावा. ज्या बाळाची मान आणि पाठ अजून सावरलेली नाही, त्याला जवळजवळ सपाट होणारी बैठक हवी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी ही अट सोडू नये, आणि दुहेरी गाडीत निदान एक बैठक तशी आहे ना, हे पाठ टेकवून पाहावे. पट्टा दोन खांदे, दोन बाजू आणि पायांमधून येणारा, असा पाच ठिकाणी धरणारा असावा. घडीच्या सांध्यांकडे तर विशेष लक्ष द्यावे. २००९ साली अमेरिकेत एका नामांकित कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांबाबत ग्राहकांना सूचना देऊन सांधे झाकण्याची आवरणे पुरवावी लागली. गाडी उघडताना सांध्यात सापडून मुलांच्या बोटांची टोके तुटण्याच्या १२ घटना नोंदल्या गेल्या होत्या. गाडी उघडताना वा मिटताना मूल हातभर दूर असावे. हँडलला जड पिशव्या अडकवू नयेत. मूल उतरताच गाडी मागे कलंडते. उन्हाळ्यात टपावरून ओढणी पांघरण्याची पद्धतही बरी नाही, कारण आतली हवा कोंडते आणि तापते. किरकोळ वाटेल, पण महागड्या बनावटींच्या मुठीवर कधीकधी खरे चामडे मढवलेले असते. आपल्या घरात ते चालणार नाही, म्हणून हेही विचारून घ्यावे.

खरेदीला आजोबांनी जरूर जावे, पण सूनबाई आणि दोन्ही मुलांना घेऊन, आणि दुकानात गर्दी नसेल अशा दुपारी. नातवाला तिच्या कडेवर द्यावे आणि एका हाताने गाडी मिटायला सांगावे. दुकानातला मुलगा मदतीला पुढे येईल. त्याला नम्रपणे थांबवावे. मिटलेली गाडी तिनेच उचलून डिकीत ठेवून पाहावी. तीन गाड्यांपैकी जी तिला जमेल तिचे पक्के बिल करावे, मग ती आत्यांना आवडो वा न आवडो. नात्यात कोणाकडे वापरलेली गाडी असेल तर हीच परीक्षा तिलाही लावावी, शिवाय ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना लागतो का आणि पट्ट्यांची कुलुपे घट्ट बसतात का, हे तपासावे.

नातीचे शाळेत नाव घातले की त्याच महिन्यात गाडी धुऊन, छायाचित्र काढून विक्रीस काढावी. माळ्यावर एकदा चढलेली बाबागाडी पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत खाली येते, तोपर्यंत तिचे ९,००० रुपये कोणी देत नाही.