मणी आपले, नजरही आपली

"हाताला काम येते, पण नवीन काही सुचत नाही." मण्यांचे दागिने करणाऱ्या भगिनींकडून हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की या महिन्यात त्याबद्दलच लिहायचे ठरवले. वर्गातल्या मुली हेच म्हणतात, त्यांना शाळेतून न्यायला येणाऱ्या त्यांच्या अम्मीही हेच म्हणतात. मोबाइलवर एखादा हार दिसतो, तसाच करायला घेतला जातो. बाजारात तसा मणी मिळत नाही, मिळालाच तर परवडत नाही, आणि अर्धी ओवलेली माळ डब्यात जाऊन पडते.

आमच्या मोहल्ल्यातल्या कितीतरी घरांत दुपारच्या जेवणानंतर इमिटेशन दागिन्यांचे काम चालते. सेठकडून मण्यांच्या पिशव्या येतात, सोबत नमुन्याची एक माळ येते आणि डझनाच्या हिशेबाने मजुरी मिळते. या बायकांची बोटे अशी तयार असतात की दिवे गेले तरी काम थांबत नाही. पण कोणता मणी कुठे यायचा, हे त्यांनी कधी ठरवलेले नसते. नमुना वरून येतो. वर्षानुवर्षे असे काम केले की हात तरबेज होतो आणि नजर प्रश्न विचारायचे सोडून देते. "सुचत नाही" याचे मूळ आम्हाला इथे दिसते. सुचण्याची सवय लावता येते, आणि ती लावायला पैसा फारसा लागत नाही.

याचा एक दाखला दूरच्या देशातला, पण आपल्यासारख्याच घरांतला आहे. पश्चिम आफ्रिकेत सहाराच्या काठावर मॉरिटानिया नावाचा मुस्लिम देश आहे. तिथल्या किफा गावाच्या बायका काचेचे मणी करत. त्यांच्याकडे ना काचेचा कारखाना होता, ना मोठी भट्टी. होत्या त्या फुटक्या बाटल्या, औषधाच्या शिश्या आणि व्यापाऱ्यांकडून आलेले युरोपचे बारीक मणी. ही काच त्या दगडावर कुटून पिठासारखी करत, त्यात थुंकी किंवा डिंकाचे पाणी मिसळत आणि तो लेप सुईच्या टोकाने मण्यावर रेघारेघांनी, ठिपक्याठिपक्यांनी चढवत. मग पत्र्याच्या डब्यात ठेवून निखाऱ्यांवर भाजत. निळ्या, पिवळ्या, तांबड्या नक्षीचे त्यांचे त्रिकोणी मणी आज जगभरचे संग्राहक शोधत असतात. रेमंड मोनी या फ्रेंच अभ्यासकाने १९४९ साली या मण्यांची नोंद केली. पुढे १९७०च्या दशकापर्यंत जुन्या कारागीर बायका एकेक करून गेल्या आणि कला बुडते की काय अशी वेळ आली. नंतर इतर बायकांनी ती पुन्हा हाती घेतली. काच कुटण्याचा हा प्रयोग मात्र घरी करू नका. काचेची धूळ फुप्फुसांना घातक असते. त्या बायकांकडून घ्यायची ती गोष्ट वेगळी आहे. घरात काय पडले आहे, हे त्यांनी आधी पाहिले आणि नमुना त्यातून काढला.

दुसरा दाखला आपल्या जवळचा, अंगठीतल्या आणि तसबीहमधल्या अकीकचा. गुजरातेत राजपिपळ्याच्या बाजूला रतनपूरला अकीकच्या खाणी आहेत. तिथल्या टेकडीवर बाबा घोर यांची दर्गाह आहे आणि अकीकचे कारागीर त्यांना आजही मानतात. खाणीतून निघालेला दगड बहुतेक वेळा लाल नसतो, पिवळट तपकिरी असतो. तो उन्हात वाळवतात, मातीच्या मडक्यांत भरून मंद आचेवर तापवतात, तेव्हा त्यातल्या लोहाचा रंग पालटतो आणि दगड लाल होतो. मग खंभातचे कारागीर त्याला घासून, भोक पाडून मणी करतात. गुजरातेतच लोथलला चार हजार वर्षांपूर्वीचा मण्यांचा कारखाना उत्खननात सापडला आहे. दगड तोच, फक्त आच दिली. एकच गोष्ट बदलली आणि नवा रंग हाती आला.

आम्ही वर्गातही हाच नियम सांगतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झाले ते कळत नाही. तीन सोपे प्रयोग देतो.

पहिला कागदाचा. रुंद बाजू २ सेंटिमीटर आणि लांबी २५ सेंटिमीटर असा निमुळता पट्टा कापा. रुंद बाजूकडून विणायच्या सुईवर घट्ट गुंडाळत जा आणि टोकाला डिंक लावा. मधे फुगीर, कडांना निमुळता मणी होतो. आता फक्त आकार बदला. पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा ठेवला तर मणी नळीसारखा होतो. निमुळते टोक मधोमध न ठेवता एका कडेला ठेवले तर शंकूसारखा होतो. आकार तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर मणी जाड होतो. एका कात्रीत एवढे प्रकार निघतात. उर्दू अखबार किंवा लग्नपत्रिका वापरणार असाल तर त्यावर बिस्मिल्लाह, आयत किंवा अल्लाहचे नाव नाही ना, हे आधी पाहून घ्या. त्यापेक्षा जाहिरातींची रंगीत पाने बरी.

दुसरा मातीचा. कुंभाराकडची माती चाळून, मळून गोळ्या करा. गोळी थोडी आवळली की सुईने भोक पाडा. वाळताना माती आकसते, म्हणून भोक हवे त्यापेक्षा थोडे मोठे ठेवा. सावलीत काही दिवस वाळू द्या. आत ओल राहिली तर मणी आगीत फुटतो. मग निम्मे मणी गोवऱ्यांच्या उघड्या आगीत भाजा. उरलेले झाकण घट्ट बसेल अशा मडक्यात भुशात पुरून, ते मडके त्याच आगीत ठेवा. हवा लागली ते मणी तांबडे होतात, धुरात कोंडले गेले ते काळे होतात. काम अंगणात करा आणि लहान मुलांना दूर ठेवा.

तिसरा खजुराच्या बियांचा. रमजानमध्ये प्रत्येक घरात वाटीभर बिया जमतात आणि कचऱ्यात जातात. त्या भिजवून, घासून, वाळवून घ्या. पॉलिश कागदाने घासल्यावर आतला तपकिरी रंग आणि रेषा उठून दिसतात. थोडे खोबरेल चोळले की चमक येते. भोक पाडताना बी हातात धरू नका, शिकंज्यात आवळा. अशा बियांच्या तसबीह पूर्वीपासून होत आल्या आहेत. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी त्यांना भोक पाडू नका आणि लहान मुलांच्या गळ्यात घालू नका. त्यांच्या आत जहर असते.

प्रत्येक प्रयोगाची वहीत नोंद करा: तारीख, काय बदलले, काय झाले. बिघडलेला मणीही दोऱ्याने त्या पानाला बांधून ठेवा. सहा महिन्यांनी हीच वही तुमचे नमुन्यांचे पुस्तक होते, आणि ते दुसऱ्या कुणाकडे नसते.

मणी तयार झाले की मांडणीचा प्रश्न येतो. इथे आम्हाला उर्दूच्या तासाची आठवण होते. खुशखतीत अक्षराची लांबी-रुंदी नुक्त्याने मोजतात. कलमाच्या टोकाने एक नुक्ता काढायचा आणि त्याच मापाने अलिफ किती उंच, बे किती लांब ते ठरवायचे. म्हणून अक्षरे लहानमोठी असूनही एका घरातली वाटतात. माळेतही तसेच करून पाहा. सर्वांत लहान मणी हा आपला नुक्ता. मोठा मणी त्याच्या तिप्पट, दोन मोठ्या मण्यांमधले अंतर पाच लहान मण्यांचे, असा हिशेब धरला की साध्या मातीची माळही बेतशीर दिसते. मग तीनाचे दोन करून पाहा, पाचाचे सात करून पाहा. घरातल्या हिमरू शालीची वेल, दर्ग्याच्या जाळीतले षटकोन, नानीच्या पानदानावरची नक्षी, यांतली मापेही अशीच मोजून वहीत उतरवता येतात.

दुसऱ्याच्या नमुन्यावर हात बसवायला हरकत नाही. सगळे तसेच शिकतात. पण दुसरीने शोधलेला नमुना जसाच्या तसा आपला म्हणून विकणे, हे परीक्षेत शेजारणीच्या पेपरातून उतरवण्यासारखे आहे.

मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीच्या मडक्यात भुसा कमी पडला आणि झाकणही सरकले. मणी अर्धे काळे, अर्धे तांबडे निघाले. तिला रडू आले. आम्ही म्हटले, "वहीत लिही आणि पुन्हा मुद्दाम तसेच करून दाखव." चौथ्या खेपेला तिला ते जमले. तिची अम्मी घरी सेठचे काम करते. ती माळ घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आपा, सेठला दाखवू का?" आम्ही सांगितले, "जरूर दाखवा, पण माळ त्यांच्याकडे ठेवून येऊ नका. आधी भाव ठरवा, आणि नमुन्याचे पैसे मजुरीत धरू नका, वेगळे मागा." सेठ हसले, म्हणाले मातीला कोण विचारतो. आठ दिवसांनी निरोप आला. घासाघीस होऊन दोन डझन माळांचे काम ठरले, नमुन्याचे पैसे वेगळे. रक्कम मोठी नव्हती, आणि त्या घरातले बाकीचे ओवण्याचे काम आजही जुन्याच भावाने चालते. पण "कसे करायचे?" हे त्या वेळी सेठला त्या बाईंना विचारावे लागले.

घरबसल्या काम करणाऱ्या आपल्या बहिणींची मजुरी वाढावी म्हणून बोलणे गरजेचेच आहे. नमुना आपल्या हाती असेल तर त्या बोलण्याला वजन येते. म्हणून या महिन्यात एकच काम करा. कागद, माती किंवा बिया, यांपैकी एक वस्तू निवडा. पाच मणी करा, प्रत्येकात एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मुलींना सोबत बसवा. वही त्यांनी लिहावी, मणी तुम्ही करावेत, आणि पुढच्या खेपेला अदलाबदल करावी. पाचांतला एखादा तरी असा निघेल की तो पाहून तुम्हीच म्हणाल, आता सहावा असा करून बघू.