पंधरा सेंटचा बर्गर, दहा सेंटची कॉफी

जुन्या स्वस्ताईच्या गोष्टी सांगण्याची हौस फक्त आपल्याकडच्या आजोबांनाच असते असे नाही. अमेरिकेतले आजोबाही त्यात मागे नाहीत. आपल्याकडे रुपयाला किती शेर धान्य यायचे हे ऐकवले जाते, तसा तिकडेही एक पाढा ठरलेला आहे. पंधरा सेंटला मॅक्डोनाल्डचा बर्गर, दहा सेंटला कपभर कॉफी, तीस-एकतीस सेंटला गॅलनभर पेट्रोल आणि चार-पाच सेंटचे तिकीट लावले की देशाच्या या टोकाचे पत्र त्या टोकाला! हा पाढा १९६० ते १९६३ या काळातला, म्हणजे केनेडींची निवडणूक, त्यांची कारकीर्द आणि त्यांचा खून या चार वर्षांतला.

पाढ्यातले आकडे खरे आहेत. पण नुसत्या किमतीवरून स्वस्ताई कळत नाही. ती वस्तू घ्यायला किती वेळ राबावे लागे आणि खिशात पैसे असले तरी दुकानदार ती सर्वांना देत असे का, हेही पाहावे लागते.

बाजाराची पिशवी

आधी पैशाचा हिशेब. १९६० मधल्या एका डॉलरची खरेदी करायला आज सुमारे दहा-अकरा डॉलर मोजावे लागतात. त्या काळी आपल्याकडे डॉलरचा सरकारी दर ४ रुपये ७६ पैसे होता आणि जून १९६६ च्या अवमूल्यनापर्यंत तो तसाच राहिला. म्हणजे पंधरा सेंटचा बर्गर आपल्या हिशेबाने ७१ पैशांचा.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या शहरांत पौंडाचा, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमचा, पाव सरासरी २० सेंटला मिळे. डझनभर अंडी ५७ सेंट, पौंडभर कॉफी ७५ सेंट. दूधवाला भल्या पहाटे काचेच्या बाटल्या दाराशी ठेवून जाई, ते अर्धा गॅलन, म्हणजे पावणेदोन लिटरहून थोडे जास्त, दूध ५२ सेंटला पडे.

कारखान्यातल्या कामगाराची सरासरी मजुरी तेव्हा तासाला सव्वादोन डॉलर होती. म्हणजे पावासाठी पाच-सहा मिनिटे, दुधासाठी चौदा मिनिटे आणि अंड्यांसाठी पंधरा मिनिटे काम पुरे. पण कायद्याने ठरलेले किमान वेतन १९६० मध्ये तासाला अवघा एक डॉलर होते. सप्टेंबर १९६१ मध्ये ते १ डॉलर १५ सेंट झाले आणि सप्टेंबर १९६३ मध्ये सव्वा डॉलर. डॉलरवाल्याला त्याच पावासाठी बारा मिनिटे आणि दुधासाठी अर्धा तास राबावे लागे. आणि शेतमजूर व घरकाम करणाऱ्या बाया यांना तर किमान वेतनाचा कायदाच लागू नव्हता! दक्षिणेकडच्या राज्यांत हे घरकाम बहुतांशी कृष्णवर्णीय स्त्रियाच करत.

घर आणि गाडी

त्या वेळी मधल्या फळीतल्या अमेरिकन कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न ५,६०० डॉलरच्या आसपास होते. १९६० च्या जनगणनेत स्वतःच्या घराची मधली किंमत ११,९०० डॉलर भरली, म्हणजे साधारण दोन वर्षांच्या कमाईइतकी. भाड्याच्या घराला वीज, पाणी, इंधन धरून महिना ७१ डॉलर पडत. फोर्डची 'फाल्कन' ही छोटी मोटार दोन हजार डॉलरच्या आत मिळे आणि पाचातल्या जवळजवळ चार घरांकडे मोटार होती. आज मुंबई-पुण्यात घर घेऊ पाहणाऱ्याला हे वाचून हेवा वाटेल.

पण त्याच जनगणनेने दुसरीही बाजू नोंदवली. सहातल्या एका घरात नळाचे थंड-गरम पाणी, संडास आणि न्हाणीघर या तिन्ही सोयी एकत्र नव्हत्या. पुढे सरकारने दारिद्र्यरेषा आखून मागचा हिशेब केला, तेव्हा १९५९ मध्ये शंभरातले बावीस अमेरिकन गरीब होते असे निघाले. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. १९६२ मध्ये मायकेल हॅरिंग्टन यांचे 'दि अदर अमेरिका' हे पुस्तक आले आणि सुखवस्तू लोकांना आपल्या शेजारच्या गरिबीचा पत्ता लागला. म्हातारपणी दुखणे आले तर परिस्थिती आणखी बिकट. पासष्टीपुढच्या लोकांसाठी 'मेडिकेअर' हा सरकारी आरोग्यविमा झाला, तो १९६५ मध्ये.

गृहिणीची वही

घर चालवण्याची जबाबदारी अर्थातच बाईची. वाणसामान घेतले की दर दहा सेंटमागे एक हिरवा स्टॅम्प मिळे. हे 'ग्रीन स्टॅम्प' घरी नेऊन वहीत चिकटवायचे. एका वहीत १,२०० स्टॅम्प बसत, म्हणजे वही भरायला १२० डॉलरची खरेदी व्हावी लागे. भरलेल्या वह्या देऊन टोस्टर, दिवा, चादरी अशा वस्तू घरी आणायच्या. मुलेही जिभेने स्टॅम्प ओले करून चिकटवायला बसत. १९६२ मध्ये वॉलमार्ट, के-मार्ट आणि टार्गेट या तिन्ही साखळ्यांचे पहिले स्वस्त दरांचे दुकान उघडले आणि खरेदीची सगळी तऱ्हाच हळूहळू पालटली.

वॉशिंग मशीन, फ्रीज, गोठवलेले तयार जेवण यांनी कामाचा भार हलका केला. फेब्रुवारी १९६३ मध्ये ज्यूलिया चाइल्ड टीव्हीवरून फ्रेंच स्वयंपाक शिकवू लागल्या. त्याच महिन्यात बेटी फ्रीडन यांचे 'द फेमिनिन मिस्टिक' हे पुस्तक निघाले. सगळ्या सोयी असलेल्या घरात शिकलेली बाई मनातून का कोमेजते, हा त्यांचा प्रश्न होता. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या. तो प्रश्न किती घरांत दबून होता हे यावरून दिसते.

नोकरी करणाऱ्या बाईचे दुःख वेगळे. वर्षभर पूर्णवेळ काम करणाऱ्या पुरुषाला एक डॉलर मिळे, तेव्हा बाईच्या हाती सुमारे साठ सेंट पडत. जून १९६३ मध्ये केनेडींनी समान वेतनाच्या कायद्यावर सही केली. पण स्वतःच्या नावावर उधारी किंवा कर्ज मागायला गेले की अनेक ठिकाणी नवऱ्याची सही मागितली जाई. असा भेदभाव बेकायदा ठरायला १९७४ साल उजाडावे लागले.

संध्याकाळची करमणूक

१९६० मध्ये दहातल्या जवळजवळ नऊ घरांत टीव्ही आलेला होता. वाहिन्या मुख्यतः तीन : सीबीएस, एनबीसी आणि एबीसी. त्यामुळे रात्री सगळा देश साधारण तेच ते बघे आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात, शाळेत त्याच गप्पा रंगत. 'बोनान्झा'मधले घोडेस्वार बाप-लेक, 'डिक व्हॅन डाइक शो'मधले विनोदी जोडपे, तेल सापडल्याने रातोरात श्रीमंत झालेले 'बेव्हर्ली हिलबिलीज'चे खेडवळ कुटुंब ही त्या काळची घराघरातली नावे. सप्टेंबर १९६० मध्ये अश्मयुगातले 'फ्लिन्स्टोन्स' आले आणि दोन वर्षांनी भविष्यकाळातले 'जेटसन्स'. आपल्याकडे ही दोन्ही कुटुंबे केबल टीव्हीवरून पुढे मुलांच्या ओळखीची झाली. पण मूळ कार्यक्रमाच्या जाहिरातींत हेच फ्लिन्स्टोन्स विन्स्टन सिगारेट ओढताना दिसत, हे आज कुणाला खरे वाटणार नाही! सिगारेटने कर्करोग होतो हे सरकारी अहवालाने जानेवारी १९६४ मध्ये बजावले. तरी टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती बंद व्हायला १९७१ साल लागले.

रंगीत टीव्हीची किंमत पाचशे डॉलरच्या घरात होती. कारखान्यातल्या कामगाराची ही साडेपाच आठवड्यांची कमाई, त्यामुळे बहुतेक घरांत चित्र काळेपांढरेच राहिले. सिनेमाचे तिकीट सरासरी डॉलरच्या आत होते. हिचकॉकचा 'सायको' १९६० चा, दहा ऑस्कर मिळवणारा 'वेस्ट साइड स्टोरी' १९६१ चा. चबी चेकरच्या 'द ट्विस्ट' या गाण्याने तर थोरामोठ्यांनाही कंबर हलवायला लावली. सप्टेंबर १९६० मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले हे गाणे जानेवारी १९६२ मध्ये पुन्हा तिथे पोहोचले. मुलींच्या हाती तीन डॉलरची बार्बी होती. किमान वेतनावरच्या बापाचे ते तीन तासांचे श्रम.

बातम्या घरात आल्या

याच टीव्हीने बातमी घराच्या दिवाणखान्यात आणली. २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांचा पहिला वादविवाद सुमारे सात कोटी लोकांनी पाहिला. नुकतेच आजारातून उठलेले निक्सन पडद्यावर थकलेले दिसले, केनेडी तरतरीत. निवडणुकीच्या प्रचाराची रीत त्या दिवसापासून बदलली. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या, तेव्हा शाळांतले वर्ग टीव्हीसमोर बसले होते. त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे असल्याचे केनेडींनी टीव्हीवरूनच देशाला सांगितले. पुढचा आठवडा लोकांनी अणुयुद्धाच्या धास्तीत काढला.

एवढ्या मोठ्या घडामोडी, पण सप्टेंबर १९६३ पर्यंत रात्रीचे राष्ट्रीय बातमीपत्र अवघे पंधरा मिनिटांचे होते! वॉल्टर क्रॉन्काइट यांचे सीबीएसवरचे बातमीपत्र तेव्हा प्रथम अर्ध्या तासाचे झाले. तीन महिन्यांच्या आत, २२ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्यांनाच डॅलसमध्ये केनेडींचा मृत्यू झाल्याची बातमी द्यावी लागली. त्या शुक्रवारपासून सोमवारच्या अंत्ययात्रेपर्यंत वाहिन्यांनी जाहिराती बंद ठेवल्या आणि सारा देश टीव्हीपुढे बसून राहिला.

चार विद्यार्थी आणि एक कप कॉफी

या सगळ्या बातम्यांपुढे एक बातमी सुरुवातीला अगदी किरकोळ वाटली होती. ती होती कॉफीची.

१ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी वूलवर्थच्या दुकानात चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गेले. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मकेन, जोसेफ मॅक्‌नील आणि डेव्हिड रिचमंड ही त्यांची नावे. त्यांनी आधी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या. पैसे दिले, पावती घेतली. मग त्याच दुकानातल्या उपाहारगृहाच्या स्टुलांवर बसून त्यांनी कॉफी मागितली. ती त्यांना मिळाली नाही, कारण तिथे बसून खाण्यापिण्याचा हक्क फक्त गोऱ्यांना होता. टूथपेस्टच्या गल्ल्यावर चालणारे नाणे चार पावलांवरच्या कॉफीला चालत नव्हते.

चौघे चिडले नाहीत, ओरडले नाहीत. दुकान बंद होईपर्यंत तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वीसहून अधिक जण आले, आठवडाअखेर शेकडो. अंगावर शिव्या आणि खाद्यपदार्थ पडले तरी ही मुले हात उगारत नसत. या लढ्यामागे महात्मा गांधींचा सत्याग्रह होता. मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात येऊन गेले होते आणि अहिंसेचा हा मार्ग कॉलेजांमधून, चर्चमधून शिकवला जात होता. काही आठवड्यांत दक्षिणेतल्या अनेक शहरांत अशी 'बैठी' आंदोलने सुरू झाली. दुकानाचा धंदा बसला आणि २५ जुलै १९६० रोजी ते उपाहारगृह सर्वांना खुले झाले. तिथे पहिल्यांदा बसून जेवले ते त्याच दुकानातले कृष्णवर्णीय नोकर. रोज इतरांना वाढायचे, पण स्वतः तिथे बसायचे नाही, हा नियम त्या दिवशी संपला.

पुढचा रस्ता लांबचा होता. मे १९६३ मध्ये बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुलांवर पाण्याचे फवारे आणि पोलिसी कुत्रे सोडलेले लोकांनी टीव्हीवर पाहिले. २८ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांचा मोर्चा निघाला. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेले, उपाहारगृहे, चित्रपटगृहे यांतला वर्णभेद देशभर बेकायदा ठरला.

या लढ्याचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. त्या स्वस्ताईच्या अमेरिकेत कायमचे राहायला जाण्यासाठी साऱ्या भारताचा वाटा होता वर्षाला फक्त शंभर माणसांचा! वंशावरून माणसे मोजण्याच्या पद्धतीविरुद्ध हवा तापली, तेव्हा १९६५ मध्ये हा नियमही मोडीत निघाला आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनियरांना तिकडची दारे उघडली. आज न्यू जर्सीत किंवा शिकागोत गणपती बसवणाऱ्या मराठी कुटुंबांनी पंधरा सेंटचा बर्गर बहुधा कधी खाल्ला नसेल. पण त्यांना तिथे मानाने राहता येते, त्यात त्या चौघांच्या बैठकीचाही वाटा आहे.

ग्रीन्सबरोचे ते दुकान आता नागरी हक्कांचे संग्रहालय झाले आहे आणि त्या उपाहारगृहाच्या ओट्याचा एक भाग, चार स्टुलांसह, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलेला आहे. स्वस्ताईच्या आठवणी सांगणाऱ्यांनी पंधरा सेंटचा बर्गर जरूर सांगावा. सोबत दहा सेंटच्या कॉफीची ही गोष्टही नातवंडांना सांगावी.