पाटी कुणाची, उजेड कुणाचा?

दिवाळी तोंडावर आली की पिशोरच्या बाजारपेठेत दुकानांना शिड्या लागतात. लक्ष्मीपूजनाला वह्या पुजायच्या, पाडव्याला नवा हिशेब मांडायचा आणि त्याआधी रंगरंगोटी करून जमल्यास नवी पाटी चढवायची, हा व्यापाऱ्यांचा जुना रिवाज. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, त्यामुळे त्या रात्री उजळलेली पाटी लांबूनही वाचता येते. ती एकदा खरोखरच वाचावी. बियाण्यांची कंपनी, सिमकार्डाची कंपनी, शीतपेय, सिमेंट, रंग... कृषी सेवा केंद्र ज्याचे आहे त्याचे नाव कुठे आहे? आहे, अगदी खालच्या पट्टीत, बोटभर अक्षरांत.

यामागचा व्यवहार सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीचा माणूस येतो, माप घेतो आणि पाटी फुकट लावून देतो. भिंत दुकानदाराची, मीटर दुकानदाराचे, महिन्याचे बिलही त्याचेच. जाहिरात मात्र कंपनीची. फुकटची पाटी म्हणतात ती ही.

विजेच्या पाटीची सुरुवातही नावानेच झाली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात १८८२ मध्ये दिव्यांनी अक्षरे लिहिली गेली ती ‘एडिसन’ अशी. दिवे ज्याचे, नाव त्याचे. निदान तिथे हिशेब सरळ होता. पुढे १८९८ मध्ये विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी निऑन वायू शोधला. (हेच ट्रॅव्हर्स नंतर बंगळूरला, जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.) हवा थंड करून तिच्यातून प्राणवायू वेगळा काढण्याच्या धंद्यात निऑन आपसूक हाती येई, आणि त्याचे करायचे काय हा प्रश्न होता. फ्रान्सच्या जॉर्ज क्लोद यांनी तो काचेच्या नळीत भरला, विजेचा उच्च दाब दिला आणि १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात तो लालभडक प्रकाश लोकांना दाखवला. दुकानासाठी अशी पाटी घेणारे पहिले गिऱ्हाईक म्हणून पॅरिसच्या एका न्हाव्याचे दुकान सांगितले जाते. साल १९१२. वर्षभरातच त्याच शहरात एका मद्य कंपनीची मोठी निऑन अक्षरे झळकली. छोट्या दुकानदाराने उजेड आणला आणि मोठ्या कंपनीने तो उचलला, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

आपल्या गावांत निऑन फारसा आलाच नाही. काच तापवून अक्षराच्या वळणाने वाकवणारे कारागीर शहरांत असत. इथे पत्र्यावर ऑइल पेंट होता आणि कोपऱ्यात पेंटरची सही. त्या पाट्यांत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असत, पण ‘आमचे येथे’ म्हणणारा ‘आमचा’ कोण हे कळत असे. मग पत्र्याच्या पेटीत ट्यूबलाइट बसवलेले ग्लो साइन आले, पाठोपाठ फ्लेक्स आला. भारनियमनाच्या वर्षांत त्या पेट्या भर संध्याकाळी काळ्याठिक्कर पडत. ट्यूब, चोक, स्टार्टर यांचा खर्च सोसण्यापेक्षा कंपनीची पाटी बरी, असे तेव्हा कुणाला वाटले असेल तर दोष देता येत नाही.

आता ते कारण उरलेले नाही. निळा प्रकाश देणारा एलईडी तयार झाला आणि त्यामुळे पांढरा एलईडी शक्य झाला. त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच शोधाने पाटीचा खर्चही खाली आणला. जिथे चाळीस वॉटच्या ट्यूबा जळत, तिथे आज बारा व्होल्टचे छोटे मॉड्यूल आणि एक अडॅप्टर पुरतो. आपल्या नावाची उजळणारी अक्षरे आता मध्यम दुकानदाराच्या आवाक्यात आहेत.

कायद्याने अर्धे काम केले आहे. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची झाली. मराठी अक्षरे आधी हवीत, इतर लिपीपेक्षा लहान नकोत. दारूच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यावरही बंदी आली. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी विरोध केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. पण कायदा लिपी पाहतो, नाव कुणाचे ते पाहत नाही. परक्या कंपनीचे नाव मोठ्या देवनागरीत रंगवले की नियम पाळला गेला!

कुणी म्हणेल, शेतकरी कंपनीचे वाण मागतो, दुकानदाराचे नाव पाहून येत नाही. हे निम्मेच खरे आहे. उधारी दुकानदार देतो, पीक आल्यावर वसूल करतो, आणि मका किंवा कपाशी उगवली नाही तर लोक त्याच्याच काउंटरवर येऊन भांडतात. कंपनीच्या दारात कुणी जात नाही. ज्याच्या शब्दावर बाजार चालतो त्याचे नाव तळाला का?

शिवाय २०२३ मध्ये पिशोरच्या जिल्ह्याचे नावही बदलले. जुना पत्ता मिरवणाऱ्या पाट्या आज ना उद्या उतरवाव्या लागणारच आहेत. तेव्हा पिशोरच्या व्यापाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: यंदा नवी पाटी करायला द्याल तेव्हा आपले आणि गावाचे नाव वर, मोठ्या अक्षरांत घाला. कंपनीचे नाव ठेवायचेच असेल, तर तिच्या माणसाकडे वीजबिलातला तिचा वाटा मागा.